गॅलरीतला तवा

लग्नात मी माहेराहून जी भांडी आणली, त्यांतलं एकच भांडं जळगावच्या आमच्या घरात कित्येक वर्षं आत आलं नाही. तो बिडाचा तवा. माझ्या आईनं धुळ्याच्या बाजारातून घेतलेला, जड, काळाकुळकुळीत, आणि माहेरी ज्याच्यावर आमलेट व्हायचं तो. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याची रवानगी मागच्या गॅलरीत झाली. तिथे वॉशिंग मशीनशेजारी एक जुनी शेगडी होती, तिच्यावर तो बसला तो बसलाच.

आमच्याकडे अंडं चालत नाही असं नाही. अंडं आत चालत नाही.

हा तोडगा माझ्या सासूबाईंचा. त्यांना घरात, गल्लीत, भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्का यावलकडच्या केळीवाल्या घरातल्या. जन्मात त्यांनी अंड्याला हात लावलेला नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलेजला खोली करून राहिला तिथे अंडी खायला शिकला, आणि वर त्याला बायको मिळाली ती धुळ्याकडची. तेव्हा त्यांनी फार खळखळ न करता गॅलरी देऊन टाकली.

रविवारी सकाळी मी गॅलरीत शेगडी पेटवली की अक्का स्वयंपाकघरात प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायच्या, गॅलरीच्या दाराकडे पाठ करून. अंडं दिसू नये म्हणून. मग तुम्ही पुढच्या खोलीत टीव्हीसमोर का नाही बसत, असं मी एकदा विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही. कारण डोळे भिंतीकडे असले तरी नाक आणि कान माझ्या तव्यावर असायचे.

"कांदा जयू राह्यला."

जळत नसायचा. पण हे ऐकून मी बघायला वाकले की तेवढ्यात जळायचा.

"मिरची नुसती कापू नको, ठेच. लसून-जिरं घाल तिच्यात. हयद कच्ची लागीन त्या तुमच्या त्याले."

आमलेट हा शब्द अक्का उच्चारत नाहीत. 'ते' म्हणतात. एखाद्या नातेवाइकाशी भांडण असावं आणि त्याचं नाव घ्यायचं नसावं, तसं. आयुष्यात न चाखलेल्या पदार्थाबद्दल इतकी ठाम मतं असणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. त्यांच्या हिशेबी जगातला प्रत्येक पदार्थ हा भरीत होण्याच्या वाटेवर असतो. त्यामुळे थंडीच्या दिवसांत आदल्या रात्रीचं हिरव्या वांग्यांचं भरीत उरलं असलं, की मागे न वळता एक वाटी खांद्यावरून माझ्याकडे यायची. "घाल त्याच्यात." मी आधी चिडायचे, मग घालायचे. पातीचा कांदा, टमाटा, कोथिंबीर, भरीत आणि वरून अंडी. चव अशी यायची की माझा नवरा दोन दोन खायचा. श्रेय अर्थात भरिताला जायचं.

मी नर्स आहे. वॉर्डात मी आवाज चढवला की शिकाऊ डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहतात. घरी मात्र एक पाठमोरी बाई मला कांदा कसा परतावा ते सांगत होती, आणि मी तो तसा परतत होते. संताप अनावर झाला की मी तोंडातल्या तोंडात अहिराणीत 'हे काय आहे' म्हणायचे, "हाई काय शे?" अक्का म्हणायच्या, "शे-बे काही नाही, झाकन ठेव."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या थंडीत माझी बढती आली. वॉर्डाची इन्चार्ज, पण धुळ्याला. महिनाअखेर हजर व्हायचं, नाहीतर नको म्हणून लिहून द्यायचं. मला ही जागा हवी होती. किती हवी होती हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर रडू आलं असतं. माझ्यानंतर लागलेल्या मुली पुढे गेल्या होत्या. दरवेळी काहीतरी निघायचं, कधी मुलीची दहावी, कधी अक्कांचे गुडघे. आता मुलगी पुण्याला शिकत होती. गुडघे मात्र होतेच.

रात्री जेवताना मी विषय काढला. नवरा वाहनांचा सर्व्हे करतो, विम्यासाठी. ठोकलेली गाडी पाहून दुरुस्त होईल की टोटल लॉस, हे तो चहा पिता पिता सांगतो. बायकोची बातमी ऐकून मात्र त्याचा घास हातातच राहिला.

"पोळ्यावाली बाई दुपारी येते, संध्याकाळी येते," मी म्हटलं. "प्रश्न फक्त सकाळचा आहे. शनिवारी मी येईनच."

"माझं काय," अक्का म्हणाल्या. "मी दूध-भाकर खाईन. याचं काय? याले पानी द्याले मानूस लागते."

हे त्याला लागलं. "त्यात काय? मी सकाळी आमलेट करून खाईन. कॉलेजला असताना करायचो."

"करून दाखव," अक्का म्हणाल्या. "करून दाखवशील त्या दिवशी ते धुयाले जाईन."

'ते' म्हणजे यावेळी धुळ्याला जाणारी मी.

झालं. माझी सगळी नोकरी एका आमलेटवर येऊन ठेपली. मला तेव्हा अक्कांचा भयंकर राग आला. बाईला सून जायला नको आहे आणि सरळ नाही म्हणवत नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत प्रात्यक्षिकं सुरू झाली. नवऱ्यानं आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. इतके पाहिले की अंडी शिळी होतील अशी मला धास्ती वाटली. मग तो स्वेटर, मफलर, वर माझा एप्रन असा गॅलरीत उतरला. आत अक्का खुर्ची घेऊन बसल्या, पाठ करून. मी मधे दारात.

पहिलं आमलेट म्हणजे भाजी होती. फ्रीजमध्ये जे जे होतं ते त्यानं त्यात घातलं होतं, कोबी, गाजर, मटार, सिमला मिरची, आणि दोन अंडी बिचारी त्यात कुठेतरी अंग चोरून बसली होती. पुढच्या दिवशीचं वरून कच्चं, खालून कोळसा. एका दिवशी काळा मसाला पडला तो असा की गल्लीतल्या कुत्र्याला शिंका आल्या. नवरा प्रत्येक वेळी उलथनं खाली ठेवून गंभीरपणे पाहणी करायचा.

"डाव्या बाजूला डॅमेज आहे. पण चालण्यासारखं आहे."

"खा मग," मी म्हणायचे.

तो एक घास खायचा आणि निकाल बदलायचा. "टोटल लॉस."

हळूहळू मिश्रण मात्र जमायला लागलं. कांदा बारीक, मिरची-लसूण-जिरं ठेचलेलं, हळद, मीठ, चमचाभर भरीत. तव्यावर पडल्यावर चर्र आवाजही बरोबर यायचा. अक्का नुसत्या हुंकार द्यायच्या. पण उलटवायची वेळ आली की घात. दरवेळी मोडायचं. एका दुपारी तो बोदवडजवळ उलटलेल्या ट्रॅक्टरचा सर्व्हे करायला निघाला, तेव्हा मी त्याला म्हटलंसुद्धा, की त्या ट्रॅक्टरवाल्याला विचारून या, त्यानं एका दमात कसं उलटवलं. तो हसला नाही. एरवी तो हसला असता.

आणि मग तो दिवस आला ज्या दिवशी मला ऑफिसात काय ते सांगायचं होतं. सकाळी कडाक्याची थंडी होती. गॅलरीत उभं राहिलं की बोटं वाकत नव्हती. त्यानं अंडी फेटली, कांदा घातला, सगळं ठीक. कडा सुटल्या. मला वास आला आणि वाटलं, आज होणार. आज मी जाणार.

त्यानं उलथनं खाली घातलं आणि आमलेटचे तीन तुकडे झाले.

"नाही जमत," तो म्हणाला. "जाऊ दे. नको म्हणून लिहून दे. पुढच्या वेळी बघू."

मला रडू आलं. वॉर्डात माणसं गेली तरी मी सगळ्यांसमोर रडत नाही, आणि इथे एका मोडक्या आमलेटसाठी डोळे भरले. मी आत तोंड फिरवलं, तर अक्का खुर्चीवरून उठत होत्या. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू. त्यांनी खुर्ची बाजूला केली आणि गॅलरीकडे तोंड केलं. माझ्या लग्नापासून आजवर आमलेट चालू असताना मी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता.

"कड सुटेल व्हती," त्या मुलाला म्हणाल्या. "मले ऐकू आलं. तू मुद्दाम टोचलं मधी."

"अक्का, मी कशाला मुद्दाम..."

"कायले खोटं बोलते? मी महिन्याचे चार दिस बाहेर बसे, तव्हा धिरडे कोन टाके या घरात? शायेत जाये तू. मी ओट्यावरून सांगे, आता पलटव, आता काढ. एक तरी मोडलं का तव्हा?"

मला हे माहीतच नव्हतं. अक्कांना चुलीपाशी जायची बंदी असायची त्या दिवसांत हा मुलगा घराला धिरडी घालत होता, आणि त्या बाहेर अंगणातल्या ओट्यावर बसून नुसत्या आवाजावर आणि वासावर त्याच्याकडून ती करून घेत होत्या. कांदा जळतोय हे न पाहता कसं कळतं, याचा उलगडा मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या दारात झाला.

नवरा खाली मान घालून उभा होता. मफलरमधून नुसते लाल झालेले कान दिसत होते.

"सरक," अक्का म्हणाल्या. त्यांनी उंबरा ओलांडला, ट्रेमधलं अंडं उचललं आणि वाडग्याच्या कडेवर आपटलं. पहिल्यांदाच फोडत होत्या, त्यामुळे निम्मं वाडग्यात, निम्मं बोटांवर, आणि टरफल सगळीकडे. त्यांचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. तरी त्यांनी दुसरं उचललं आणि तेही फोडलं.

"मी करीन याले रोज," त्या मला म्हणाल्या. "जा तू. सांग तिकडं, येते म्हना."

मग त्या वळल्या, ओघळणारे हात अंगापासून लांब धरून न्हाणीघराकडे गेल्या आणि दार लावलं. पहाटे त्यांची अंघोळ झाली होती, देवपूजाही झाली होती. गिझरमधलं गरम पाणी मी सगळं संपवून बसले होते. आतून गार पाण्याचा तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून अक्कांचा श्वास. आम्ही दोघं गॅलरीत उभे राहून तो ऐकत होतो. माझ्या बढतीसाठी माझ्या सासूबाई त्या थंडीत दुसऱ्यांदा अंघोळ करत होत्या.

"मला करमणार नाही म्हणून केलं," नवरा वाडग्याकडे बघत म्हणाला. "तू नसलीस की घर खायला उठतं."

हे त्यानं आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. कदाचित लिहून दिलं असतं. म्हणून बरं झालं नाही सांगितलं. मी त्याला म्हटलं, "मलाही नाही करमणार. पण मी जाणार आहे." आणि फोन करून तसं कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अक्का उठायच्या आत गॅलरीतून चर्र आवाज आला. मी जाऊन पाहिलं, तर मफलरवाला एकटाच. आमलेट गोल, सोनेरी, भरिताचे हिरवे ठिपके असलेलं, आणि त्यानं ते एका झटक्यात असं पलटवलं की मी बघतच राहिले. मनगटात ती सफाई लहानपणापासून होती. आईला रोज गार पाण्यानं दुसरी अंघोळ करायला लावायची, का उलथनं सरळ धरायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

निघायच्या दिवशी मी बॅग भरली आणि शेवटी तवा घ्यायला गॅलरीत गेले. धुळ्याचा तवा धुळ्याला न्यावा असं मनात होतं. शेगडीवर तवा नव्हता. मशीनमागे नव्हता. तो स्वयंपाकघरात ओट्यावर होता, पोळ्यांच्या तव्याशेजारी, घासून तेल लावून ठेवलेला.

"अक्का, हा आत कसा?"

"गॅलरीत वारं कितलं लागते. पोरगं गारठते सकायी."

"मग मी काय नेऊ?"

"नवा घे. याच्यावर हात बसला त्याचा."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या आईचा तवा इतक्या वर्षांनी घरात आला होता. पण मला आधी रागच आला, आणि आला की मी बोलते. "इतकी वर्षं मी गारठत होते तिथं, अक्का. तेव्हा वारं नव्हतं वाटतं?"

अक्का खुर्चीवर बसल्या होत्या. यावेळी तोंड माझ्याकडे होतं.

"व्हतं ना माय," त्या म्हणाल्या. "मी पाठ करून बसत जाये."