आजारी आईचा अर्ज

आइंडहोवनच्या उत्तरेकडच्या वस्तीत मंजूषाताईंचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली, दोन मशिनं, कपडे घालून बघायला एक पडदा आणि भिंतीवर रिळांची फळी. डच माणसं ताडमाड, त्यामुळे पँट आखूड करायचं काम कमीच. चेन बदलणं आणि कंबर सैल करणं जास्त. करोनात तर घरी बसून बसून साऱ्या गावाच्या कंबरा सैल करायच्या झाल्या होत्या, आणि नेमकं तेव्हाच सरकारनं दुकानं बंद करायला लावली. मंजूषाताईंनी त्यावर सरकारला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

बाई मूळच्या कऱ्हाडच्या. चिपच्या मशिनांच्या कारखान्यात नवऱ्याला, दिलीपना, नोकरी लागली म्हणून ब्याण्णव साली इथे आल्या आणि दिलीप सात वर्षांपूर्वी गेले तरी इथेच राहिल्या. तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाला सरळ सांगतील, हा कोट तुम्हाला शोभत नाही, दुरुस्तीचे पैसे वाया घालवू नका. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, हे अख्खं मराठी मंडळ मान्य करायचं. अशा बाईने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलावं, तेही लेखी, तेही डच सरकारला, ह्याला काय म्हणावं? पण आई झाल्यावर माणूस काय काय करतो ते आईलाच ठाऊक.

मुलगा एकच, श्रेयस. हेगला परराष्ट्र खात्यात अधिकारी. मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमधून देतो. बाविसाव्या वर्षी त्याने आईला सांगितलं होतं की आपल्याला मुलगे आवडतात, मुली नाही. मंजूषाताईंनी आठ दिवस जेवण सोडलं, नवव्या दिवशी त्याला विचारलं की तू नीट जेवतोस ना, आणि तो विषय तिथे संपला. पुढे त्याने यास्परशी लग्न केलं, तेव्हा ह्या पैठणी नेसून टाउन हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मंडळात मात्र त्यांनी ह्या विषयावर मूग गिळले. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं, असा आपला छान मराठी कारभार.

वीस सालच्या ऑक्टोबरात श्रेयस आला आणि म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग आहे, चार वर्षांचं. देशाचं नाव सांगितलं. ते नाव मी घेत नाही, कारण मंजूषाताई आजही घेत नाहीत. नुसतं "तिकडे" म्हणतात. तिकडे धर्माचा कायदा आहे आणि श्रेयससारख्या माणसाला तुरुंग आहे. श्रेयसने समजावलं की वकिलातीच्या माणसाला कुणी हात लावू शकत नाही. यास्परला मात्र नवरा म्हणून व्हिसा मिळणार नव्हता. तो इथेच राहील, जमेल तेव्हा मित्र म्हणून येऊन जाईल. ते दोघांनी बसून ठरवलंही होतं. आईने फक्त एवढंच ऐकलं की तुरुंग आहे.

त्या दिवसांत पेपरांतही हाच वाद चालू होता. एक म्हणे, अशा देशात असे अधिकारी पाठवूच नयेत. यजमानाच्या घरी जाऊन त्याला डिवचायचं कशाला, आणि आपल्या माणसाचा जीव धोक्यात का घाला? दुसरा म्हणे, आज त्यांच्या भीतीने माणूस बदललात, तर हेगमध्ये नेमणुका आपण करतो की ते करतात? दिवाळीला मंडळाचा फराळ व्हिडिओ कॉलवर झाला, आपापल्या घरी आपापला चिवडा खात. तिथेही रविकांत नावाच्या गृहस्थांनी विषय काढला. त्यांचं म्हणणं, धोरण वगैरे ठीक आहे हो, पण आपला मुलगा असता तर पाठवला असता का? मग त्यांच्या लक्षात आलं की चौकटीत मंजूषाताई बसल्या आहेत, आणि ते चकलीकडे बघू लागले. मंजूषाताईंनी आवाज बंदच ठेवला. रविकांतचं बोलणं त्यांना मनातून पटलं होतं आणि पटल्याची लाजही वाटत होती.

आता ही बाई पुढे काय करती झाली ते समजायला कऱ्हाडला जायला हवं. मंजूषाताईंचे वडील, बाळासाहेब, पाटबंधारे खात्यात कारकून. सरकारी घरात बदलीची ऑर्डर आली की बायामाणसं कामाला लागत. आईने कुठल्या डॉक्टरकडून दाखला आणायचा, अर्जात "वैद्यकीय कारणास्तव" कुठे लिहायचं, साहेबांच्या बायकोकडे कुठल्या वेळी जायचं, सगळं ठरलेलं. घरातलं एक म्हातारं माणूस कागदावर कायम मरणाच्या दारात असे आणि प्रत्यक्षात पाटावर बसून दोन भाकऱ्या जास्त खात असे. बाळासाहेबांच्या तीन बदल्या अशा रद्द झाल्या. बदली थांबवायची असते, आणि ती आजारी माणूस थांबवतं, हे मंजूषाताई परकरात असल्यापासून शिकल्या होत्या.

तेव्हा नोव्हेंबरातल्या दोन दुपारी त्या दुकानात मशीन बंद करून बसल्या आणि श्रेयसच्या वरिष्ठ बाईंना डच भाषेत, स्वतःच्या हाताने, पत्र लिहिलं. मी विधवा आहे. मला हृदयविकार आहे. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. मुलाला हे माहीत नाही, कृपया त्याला कळू देऊ नये; मात्र त्याला लांब पाठवू नये. प्रत्यक्षात बाईंचा रोग म्हणजे जरासं ब्लड प्रेशर, रोज सकाळी एक बारीक गोळी. पाकीट घेऊन पेटीपर्यंत जाऊन त्या एकदा परत फिरल्या. पण मग त्यांनी मनाला बजावलं की आईच्या खोट्याला पाप लागत नाही.

तीन आठवड्यांनी श्रेयसचा फोन आला. मी जात नाही, म्हणाला. का, तर यास्परला नको आहे.

मंजूषाताईंनी शिरा केला आणि दिलीपच्या फोटोपुढे वाटी ठेवली. पत्राचं काही झालंच नाही, कुठल्यातरी फाइलीत गेलं असेल, आणि काम मात्र परस्पर झालं! इतकी वर्षं ज्या यास्परला त्या फक्त हवापाण्याचं विचारायच्या, त्याला ह्या वेळी नाताळची भेट म्हणून स्वतः शिवलेला लोकरी गळपट्टा पाठवला.

मात्र श्रेयसचं वागणं बदललं. दर रविवारी हेगहून येऊ लागला. पूर्वी दोन महिन्यांतून एकदा यायचा, तेही अर्धं लक्ष फोनमध्ये. आता बटाट्याची पिशवी उचलू द्यायचा नाही. सायकल चालवू नको म्हणायचा, आणि ह्या देशात सायकल चालवू नको म्हणजे चालू नको म्हटल्यासारखंच. जिना चढून त्या वर गेल्या की खाली उभा राहून कान देऊन ऐकायचा. आईला आधी बरं वाटलं, मग नवल वाटलं, मग जरा चीडही आली. मी काय म्हातारी झाले का, म्हणून एकदा ओरडल्या, तर त्याचे डोळे भरून आले. मंजूषाताईंना वाटलं, पोरगं हळवं झालंय, करोनाने सगळेच झालेत.

जानेवारीत नियम आला की घरात दिवसाला एकच पाहुणा चालेल. फेब्रुवारीत बर्फ पडलं, आणि त्यानंतरच्या शनिवारी श्रेयसऐवजी यास्पर एकटाच दारात उभा राहिला. सहा फूट चार इंच, गळ्यात तो गळपट्टा, हातात वाटाण्याच्या सूपचं भांडं. श्रेयसला जरा सर्दी होती, टेस्टचं उत्तर यायचं होतं, आणि आईला आठवडाभराचं सामान आणून द्यायला हवं, असा त्याचा हट्ट होता.

मंजूषाताईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि मनातलं बोलून टाकलं. म्हणाल्या, तू त्याला तिकडे जाऊ दिलं नाहीस, हे उपकार मी विसरणार नाही.

यास्परने कप खाली ठेवला. डच माणसाला वेळ मारून नेता येत नाही, शिकवलेलंच नसतं. "मी?" तो म्हणाला. "मी तर त्याला जा म्हणालो होतो. तो तुमचं पत्र वाचून थांबला."

झालं ते असं. वरिष्ठ बाईंनी श्रेयसला बोलावून पत्र त्याच्या हातात दिलं होतं. म्हणाल्या, हे तुझ्या आईचं आहे, तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही, निर्णय तुझा. श्रेयसने पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नाही कळवलं. आईने आपलं दुखणं आपल्यापासून लपवलंय, तर तिचा मान राखायचा, कळल्याचं कळू द्यायचं नाही, म्हणून यास्परचं नाव पुढे केलं. आई जे करते तेच लेकानेही केलं. खाण तशी माती.

"तुम्हाला कसं वाटतंय आता?" यास्परने फार हळू विचारलं. "डॉक्टर काय म्हणतात? तो तुमच्या फोनची रोज वाट बघतो. आणि फोन वाजला की घाबरतो."

यास्पर आपला सांगत राहिला. श्रेयसला तिकडे जाऊन झेंडा मिरवायचा नव्हता. सोळाव्या वर्षी त्याला वाटायचं, आपल्यासारखा मोठा झालेला माणूस जगात नसतोच. तुमच्या मंडळाच्या गणपतीला शंभर माणसं यायची, त्यांत तो शोधायचा, एक तरी दिसेल. कोट घालून कामाला जाणारा, हसणारा, टक्कल पडत चाललेला, साधा. तिकडेही कुणीतरी असं शोधत असेल. त्याला आपण लांबून दिसलो तरी पुरे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. जागा अजून भरलेली नाही, सोमवारी दुसऱ्याला देतील, असंही यास्पर म्हणाला. तक्रार म्हणून नाही. आईचं दुखणं असल्यावर तक्रार कसली, असंच त्याला वाटत होतं.

तो गेल्यावर मंजूषाताई मागचं आठवत बसल्या. सोळाव्या वर्षी श्रेयस त्यांच्या शेजारच्या खोलीत होता. त्या गणपतीत ह्या मोदक वाढत होत्या, सगळ्यांना आग्रह करकरून. शंभर माणसांत त्यांचा मुलगा काय शोधत होता ते त्यांना दिसलं नव्हतं. आणि आता दिसतंय, तर त्याच्या वाटेत आपणच आडव्या पडलोय. फार रडल्या. मग उठून श्रेयसला फोन केला की टेस्ट नीट आली तर उद्या ये, बोलायचंय.

टेस्ट नीट आली आणि रविवारी तो सकाळीच आला. येताना त्याचा चेहरा पांढराफटक होता. आईला बोलायचंय म्हणजे काय, हे त्याने आगगाडीत बसून ठरवूनच टाकलं होतं. मंजूषाताईंनी त्याला कोटही काढू दिला नाही. दारातच सांगितलं.

"मला काही झालेलं नाही. हृदयबिदय काही नाही. पत्रात लिहिलं ते सगळं खोटं. तू जाऊ नयेस म्हणून लिहिलं."

त्यांनी मनाची तयारी केली होती. ओरडेल, दार आपटून जाईल, कदाचित परत येणारही नाही. पण श्रेयस चपलांच्या कपाटाला टेकून हळूहळू खाली बसला आणि कधी नव्हे ते मराठीत बोलला.

"म्हणजे तू मरणार नाहीस?"

"नाही रे."

तो रडायला लागला. तेहतीस वर्षांचा माणूस, बूट घातलेले, कोट घातलेला, पायपुसण्यावर बसून हमसाहमशी. मंजूषाताईंना तेव्हा कळलं की आपण काय केलं. तीन महिने त्यांनी पोराला रोज थोडंथोडं पोरकं केलं होतं. राग त्यांना झेलता आला असता, हे झेलवेना. त्या त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत होते तरी बसल्या, आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

राग नंतर आला, आणि चांगला आला. मग डचमधून, भराभर. तू मला वाचवत नव्हतीस, तू मला घरात कोंडत होतीस, म्हणाला. कायदा तिकडे आहे आणि तो इथे चालवतेस तू. कुणाचं ऐकून घेण्याची मंजूषाताईंना सवय नव्हती, पण ऐकलं. तो न जेवता गेला. केलेली आमटी गॅसवर तशीच राहिली.

दीड-दोन तासांनी त्याचा फोन आला. मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. युट्रेख्टला गाडी बदलायला उतरला होता. त्याने कोरडेपणाने सांगितलं की वरिष्ठ बाईंना घरी फोन केला, सगळं खरं सांगितलं, आणि हो म्हणालो. त्या पुन्हा नाव घालणार आहेत. ऑगस्टमध्ये जायचं.

"बरं," मंजूषाताई म्हणाल्या.

"मी अजून रागावलोय."

"रागाव. हक्क आहे तुझा."

पलीकडे एक गाडी आली आणि गेली. त्याने ती सोडली असावी, कारण फोन चालूच होता. मग त्याने विचारलं, "आई, तुला भीती वाटते?"

नाही म्हणणं सोपं होतं. आईने असंच म्हणायचं असतं, आणि तोंडापर्यंत आलंही होतं. पण ह्या घरात आता एकमेकांच्या भल्यासाठीचं खोटं पुष्कळ बोलून झालं होतं.

"वाटते," त्या म्हणाल्या. "रोज वाटेल. पण तू जा."

"मलाही वाटते," श्रेयस मराठीत म्हणाला.

मंजूषाताईंनी खुर्ची ओढली आणि फोन कानाशी धरून बसल्या. त्यानेही ठेवला नाही.