मॅडमचा दुसरा प्रश्न

डॉ. कुसुम रासकर यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या चिंचवडच्या दवाखान्यात झाली. शिक्षण नुकतेच संपले होते, हातात नवा टॅब होता आणि डोक्यात संशोधनाचे वारे. "या टॅबला पाळी येते का गं?" मॅडमनी विचारले. मी गडबडून नाही म्हणाले. "मग तो ठेव बाजूला आणि समोरच्या बाईकडे बघ." पंच्याहत्तरीतही मॅडमची ही फिरकी तशीच आहे, आणि माझी गडबडही.

माझ्या संशोधनाचा विषय होता एंडोमेट्रिओसिस. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढू लागतात, पाळीत भयंकर दुखते आणि मूल होणेही अवघड होऊ शकते. आमच्याकडे येणाऱ्या बायका त्याला नुसते ‘पोटात दुखतं’ म्हणतात, आणि वर्षानुवर्षे डॉक्टरही तेवढ्यावरच थांबत आले. मॅडम हे दुसऱ्यांवर ढकलत नाहीत. प्रत्येक नव्या डॉक्टरला त्या पहिल्याच दिवशी सांगतात, "लग्न झालं की थांबेल, असं सांगून मी कितीतरी मुलींना घरी पाठवलं. माझं चुकलं. तुम्ही तरी पाठवू नका." ज्येष्ठ माणसाने कनिष्ठांसमोर असे बोलायला छाती लागते. माझ्याकडे ती नव्हती, हे पुढे कळले.

माझ्या अभ्यासाच्या प्रश्नावलीत दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा होता. दहा म्हणजे असह्य. मॅडमचा एकच आग्रह होता. आकडा ऐकला की दुसरा प्रश्न विचारायचाच: "त्या दिवसांत कामं कशी उरकतेस?" त्याला वेळ लागे. बाई आधी लाजे, मग बोलू लागे आणि मग थांबत नसे.

सुनंदाताई दिघीहून आल्या होत्या. माहेर मराठवाड्यातले, नोकरी चाकणच्या कंपनीत, शिफ्टभर उभ्याने वायरी जोडण्याची. मी आकडा विचारला. त्या म्हणाल्या, "सहन व्हतंय म्हणून तर लायनीवर उभी ऱ्हाते. दोन लिवा." मी दोन लिहिले. बाहेर रांग होती आणि मला त्या दिवशी प्रश्नावल्या भरून संपवायच्या होत्या. पुढच्या तपासण्या मोठ्या आकड्यांसाठी होत्या, म्हणून सुनंदाताईंना गोळ्या देऊन पाठवले. संध्याकाळी मॅडमनी विचारले, "दुसरा प्रश्न सगळ्यांना विचारलास ना?" मी "हो" म्हणाले. एवढ्याशा शब्दाची लाज मला आजही वाटते.

दीड वर्षाने सुनंदाताई परत आल्या, त्या नवऱ्याच्या आधाराने. शस्त्रक्रियेत एक बीजांडकोश काढावा लागला, दुसराही धड नव्हता. पदरात मूल नव्हते. तेव्हा कळले, की महिन्यातले दोन-तीन दिवस त्या कंपनीच्या बाथरूममध्ये ओढणी दातांत धरून बसत आणि पुन्हा लायनीवर उभ्या राहत. आधी तपासले असते तर बीजांडकोश वाचला असता का, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण मी ती संधीच ठेवली नाही.

मी मॅडमना सगळे सांगितले, ‘हो’सकट. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? तिला सांग. मी येते बरोबर."

वॉर्डात मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. माझे अडखळत सांगून झाल्यावर सुनंदाताईंनी मला दोष दिलाच नाही. त्यांनी मॅडमना विचारले, "म्हंजी तवा मी आकडा मोठा सांगितला असता, तर झालं असतं का नीट? माजंच चुकलं का वो?"

मॅडमनी त्यांचा हात धरला. "नाही बाळ. तू खरं तेच सांगितलंस. विचारणारे आम्ही कमी पडलो."

मॅडमच्या सांगण्यावरून मी त्या आकड्यांवरून काढलेले निष्कर्ष मागे घेतले आणि प्रश्नावली नव्याने तयार केली. त्यांनी मला कामावरून काढले नाही. पुढचे कित्येक महिने माझ्या शेजारी बसून प्रत्येक बाईला दुसरा प्रश्न विचारायला लावला. त्या विश्वासाला मी पात्र होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सुनंदाताईंचे उपचार चालू आहेत. उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या आशेवर त्या दर महिन्याला येतात, आणि माझ्याकडेच येतात. गेल्या खेपेला त्यांनी मला विचारले, "म्याडम, अजून लेकराची आस धरू का?" मी पुस्तकी उत्तर दिले, आणि ते त्यांना पुरले नाही हे मला दिसले. मॅडम, या पंच्याहत्तरीला एवढेच मागते, तुम्हाला निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. हे मागताना मी स्वार्थी आहे. एक दिवस मला सुनंदाताईंना ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगावे लागेल. त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी हव्यात.