कुंडीला ऊन

आक्का सासरहून परत आली ती एक लोखंडी ट्रंक आणि एक कुंडी घेऊन. कुंडीत निवडुंग. आमच्या निमगाव केतकीत निवडुंग म्हणजे बांधावर माजणारी अवदसा, शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. तो कुणी कुंडीत लावतं आणि बारामतीहून एसटीत मांडीवर घेऊन येतं, हे बघून शेजारणी रडता रडता थांबल्या. रडायलाच आल्या होत्या त्या. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, विषमज्वरानं गेले होते. आक्का तेव्हा जेमतेम विशीतली.

दाजी बारामतीला एका वकिलाकडे कारकून होते. त्यांना असल्या उठाठेवी फार. पुण्याच्या कुणा मित्रानं दिलेला तो मोसंबीएवढा गोल निवडुंग ते गच्चीच्या कठड्यावर ठेवायचे. सकाळचं ऊन द्यायचं, टळटळीत दुपारी आडोशाला घ्यायचा, अधूनमधून कुंडी जराशी फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगाला सारखं ऊन लागतं. पाणी अगदी माती कोरडी ठणठणीत झाली की मगच. मी एकदा राहायला गेले होते तेव्हा त्यांना म्हणाले होते, "दाजी, एवढं तर तुमी आक्काला बी जपत न्हाय." ते खो खो हसले होते आणि आक्का लाजून आत पळाली होती.

आई म्हणाली, "काट्याचं झाड घरात नगं. आधीच काय कमी झालंय?" कुंडी उचलून ती उकिरड्याकडं निघालीसुद्धा. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती तिच्या हातातून काढून घेतली. "मी बघतो त्याचं," एवढंच म्हणाले आणि मळ्यात घेऊन गेले.

आमचा पानमळा होता. खायच्या पानांचे वेल फार नाजूक. शेवरी आणि पांगारा दाट लावून त्यांना सावली करायची, ऊन वरच्या वर गाळून घ्यायचं, मुळाशी रोज ओल ठेवायची. तात्यांचा जन्म या सावलीतच गेलेला. मळ्याच्या तोंडाशी वहाणा काढून, देवळात जावं तसं आत जायचं. नुकत्या विधवा झालेल्या बाईनं तर तिथं पाऊलही टाकायचं नाही. तात्यांनी निवडुंगाला मळ्यातली सगळ्यात थंड जागा दिली आणि वेलांना पाणी देताना त्यालाही रोज ओंजळभर घालू लागले. लेकीच्या झाडाला याहून जास्त कुणी काय करणार?

आक्काला आईनं माजघरातल्या कोपऱ्यात बसवलं. वर्ष सरेपर्यंत उंबऱ्याबाहेर यायचं नाही, सकाळच्या पारी कुणाला तोंड दिसू द्यायचं नाही. मला बघायला इंदापूरकडचे पाहुणे यायचे होते, त्यामुळं आईला जास्तच धास्ती. मी तोंडाची फटकळ. रोज आईशी कडाकडा भांडायचे, "तिनं काय मारलं का त्यास्नी?" म्हणून विचारायचे. आई दुष्ट नव्हती. लोकांच्या तोंडाला भिऊन भिऊन तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. पण त्या दिवसांत मला तिचा मनापासून राग यायचा.

तात्या संध्याकाळी आले की पाय धुऊन कोपऱ्यासमोर बसायचे. "तुजं झाड वाढतंय बरं का. बोटभर उंच झालंया." आक्काच्या तोंडावर तेव्हा कुठं जरा जीव दिसायचा. मग काही दिवसांनी, "आता दोन बोटं झालंय, हात लागलाय त्याला माजा." तात्या असे खुशीत आले की आम्हां सगळ्यांनाच बरं वाटायचं. पण पुढं पुढं आक्का ऐकून गप्प राहू लागली. एकदा म्हणाली, "तात्या, एवढं कसं वाढलं? बारामतीत तर कवा वाढलेलं दिसलंच न्हाय. एकदा आनून दावता का?"

तात्यांनी दुसऱ्याच दिवशी कुंडी आणली, मोठ्या कौतुकानं तिच्यासमोर ठेवली. खालचा गोल तसाच होता. त्याच्या डोक्यावर करंगळीएवढी बारीक, पांढुरकी मान निघाली होती आणि ती एका बाजूला वाकली होती. काटे तर लव असावी तसे मऊ. आक्कानं कुंडी हळूच फिरवून पाहिली. तिला सांगवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"ही वाढ न्हवं, तात्या," ती शेवटी म्हणाली. "ऊन कुठं घावतंय का म्हनून त्यानं मान काढलीया."

तात्यांचा चेहरा पडला. ते कुंडीकडं बघत राहिले, मग आक्काकडं. दिवाळीपासून होळीपर्यंत ऊन न लागलेली माझी बहीण त्या अंधारात तशीच पांढरी पडली होती. मी रोज तिच्या शेजारी जेवत होते आणि मलाही ते त्याच क्षणी दिसलं.

"उद्यापास्नं ह्याला ऊन हीच दावंल," तात्या आईला म्हणाले. "किती द्याचं, त्ये तिलाच म्हाईत हाय."

"अंगनात? लोकं काय म्हनतील?"

"झाडाला ऊन देतीया म्हनून सांग."

तात्या कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

मग रोज सकाळी आक्का कुंडी घेऊन अंगणात यायची. एकदम उन्हात ठेवला तर करपेल, म्हणून पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त. कोंबड्या उकरतात म्हणून राखणीला बसावं लागे. ती भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसायची. मी भाजी निवडायला मुद्दाम तिच्याजवळ जायचे. दाजी कुंडीशी कसे बोलायचे, हे ती तिथंच पहिल्यांदा बोलली आणि तिथंच पहिल्यांदा पोटभर रडली. घरात ती कधी अशी रडली नव्हती. हळूहळू निवडुंगाच्या मानेवर हिरवी झाक आली. आक्काच्या गालांवरही रंग आला.

पण मळ्यातलं रोजचं पाणी आतून आपलं काम करून गेलं होतं. एका सकाळी आक्कानं बुडाशी बोट लावलं तर ते आतच गेलं. सगळा निवडुंग कुजला होता. तिनं तो हातानं उपसून कुंपणापाशी पुरला. कुंडीत नुसती माती राहिली. तात्या ओसरीवर डोकं धरून बसले. तिनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. कुंडी दाराआड ठेवली आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन आलं. आक्का उठली नाही. उठणार तरी कशाला? आता बाहेर यायला निमित्तच उरलं नव्हतं. तात्या मळ्यात न जाता घुटमळत राहिले. मी आईशी भांडायला पदर खोचला आणि चुलीकडं निघाले.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. थापता थापता, मागं न बघता म्हणाली, "आगं, ऊन कवाचं आलंय. कुंडी न्हेत न्हाईस व्हय आज भाईर?"

कुंडी रिकामी आहे हे तिला ठाऊक होतं. काल कुंपणापाशी खड्डा तिनंच करून दिला होता.

आक्का उठली. दाराआडची कुंडी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि आत झाड असावं तशी जपून उन्हात घेऊन गेली.