बसकी गाडी

तापलेल्या पेट्रोलचा वास आला की मला उर्से-शिरगाव रस्त्यावरची धूळ आठवते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी लोणावळ्याच्या एका बंगल्यात दोन जुन्या मोटारी विकायला होत्या, दोन्ही मला परवडणाऱ्या. एक बंदिस्त, रुंद दारांची, पण चढावर धापा टाकणारी. दुसरी लाल, दोघांपुरती, बसकी आणि अशी चपळ की पाय लावताच उडी घ्यायची. वडिलांचा गुडघा दुमडत नव्हता. शिरगावला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याकडे त्यांना मोटारीने नेईन, असा मी शब्द दिला होता. तरी मी लाल गाडीच घेतली. अंगणात काठी टेकत तिच्याभोवती फिरून ते हसले, "आरं, हिच्यात मांडी घालून बसायचं व्हय? ह्या पायाचं काय करू, भाईर टांगू?" मीही हसलो. आठवड्याभरात शिरगावहून तातडीने येण्याचा सांगावा आला, तेव्हा मी मित्राला घेऊन हिंडायला गेलो होतो. परतताना समोरून येणाऱ्या बैलगाडीला हॉर्न मारत खेटून गेलो. बैल बिथरले, गाडीवान ओरडला, "डोळं फुटलं का रं!" आणि मागे धुळीत, त्याच बैलगाडीत शिरगावला निघालेले, नाकाला धोतराचा सोगा लावलेले वडील दिसले. मित्रासमोर लाज वाटून मी थांबलो नाही. संध्याकाळी ते परतले आणि आईला म्हणाले, "आक्का मी पोचायच्या आदीच गेली गं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लय पळती रं तुजी गाडी." त्या वाक्यातला टोमणा शोधत मी पन्नाशीला आलो. तो सापडत नाही. ते खरंच कौतुक होतं.