वन्संचं पाणी

नाशकात आमच्या वन्संच्या ओळखीचं असं एकही माणूस सापडायचं नाही, ज्याला त्यांनी चारचौघांत लघवीचा रंग विचारलेला नाही. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. पंचवटीत आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. आल्यागेल्याला लोक ‘बरं आहे ना?’ विचारतात, वन्सं विचारतात, ‘पिवळी की पांढरी?’ त्यातही ज्यांचं पोट आवाजावर चालतं, म्हणजे शिक्षक, वकील, भटजी, बसचे कंडक्टर, त्यांची तर सुटकाच नाही. उत्तर ‘पिवळी’ आलं की पुढ्यात तांब्या येतो आणि तो रिकामा होईपर्यंत वन्सं समोरून हलत नाहीत. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलाचे वडील वकील आहेत एवढं कळायचा अवकाश, मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येईपर्यंत प्रश्न विचारून झाला होता. लग्न ठरलं ते निव्वळ त्या माणसाच्या मोठेपणामुळं. तांब्याभर पाणी पिऊन ते म्हणाले, “कोर्टातसुद्धा माझी अशी उलटतपासणी कुणी घेतली नव्हती.”

या पाण्यामागं वन्संचं एक शास्त्र आहे आणि ते ऐकल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही. “घशातून उतरलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. ते आधी पोटात जातं, मग रक्तात, मग फिरत फिरत तिथं पोचतं. बोलायला उभं राहिल्यावर पाणी मागायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची.” शास्त्राचा पुढचा भाग असा, की खाकरायचं नाही. खाकरलं की तंतू एकमेकांवर आपटतात म्हणे. एका लग्नात गुरुजी शेवटचं मंगलाष्टक म्हणायच्या आधी जरा घसा साफ करू लागले, तर वऱ्हाडातून वन्संचा आवाज आला, “गुरुजी, खाकरू नका, आवंढा गिळा!” गुरुजींनी आवंढा गिळला आणि त्याबरोबर शब्दही गिळले. लोकांना वाटलं झालं, अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि ते लग्न एक मंगलाष्टक आधीच लागलं. कुजबुजण्यावर तर त्यांचा याहून जास्त राग. शेजारी एक आजोबा गेले, आम्ही भेटायला गेलो, बायका कोपऱ्यात कुजबुजत होत्या. वन्सं म्हणाल्या, “कुजबुजीनं घसा जास्त घासतो. हळू बोला, पण सरळ बोला.” बायका बिचाऱ्या सरळ बोलल्या आणि आजोबांच्या जमिनीवरून कोपऱ्यात काय चाललं होतं ते त्यांच्या तिन्ही मुलांना ऐकू गेलं.

हसून हसून पोट दुखावं असे हे किस्से मी माहेरी जाऊन सांगते. पण मी लग्न होऊन या घरात आले, नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा, याच वन्सं दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसत. दिंडोरीच्या पुढं एका गावातल्या शाळेत त्या शिकवायच्या. सकाळच्या एस.टी.नं जायच्या, दिवेलागणीला परत यायच्या. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं वऱ्हांडा, चारी बाजूंनी द्राक्षबागा आणि बायकांना जायला जागा कुठंही नाही. मुलं भिंतीमागं जायची. हेडमास्तर आणि दुसरे गुरुजी बागेत निवांत चक्कर मारून यायचे. राहता राहिल्या दोन बाई आणि मोठ्या वर्गातल्या मुली. म्हणून सकाळी अर्धा कप चहा आणि त्यानंतर घरी येईपर्यंत काही नाही, हा बाईलोकांचा नियम. तो कुणी कुणाला शिकवत नसे. नवी आलेली बाई पहिल्याच आठवड्यात आपली आपण शिकायची. अशा कोरड्या घशानं, तापलेल्या पत्र्याखाली, वर्गभर पोरांकडून वन्सं पाढे म्हणवून घ्यायच्या. वर घरी आल्यावर गायच्यासुद्धा. माझ्या मंगळागौरीला त्या ज्या सुरात गायल्या तो ऐकून शेजारच्या वाड्यातली माणसं गॅलरीत आली होती.

आवाज आधी संध्याकाळी बसायला लागला, मग सकाळीच बसलेला असायचा, आणि एका सोमवारी तेराच्या पाढ्याला तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. मी त्यांना घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छोटा आरसा घालून पाहिलं. म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, हाताला घट्टे पडतात तशा. मग विचारलं, “दिवसभरात पाणी किती पिता?” वन्संनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “घरी आल्यावर पितात.” डॉक्टर जरा चिडलेच. विश्रांती घ्या, वाफ घ्या, पाणी प्या. हे जमलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही घसा असाच सुकवलात तर गाठी परत येतील, मग शिकवणं सोडावं लागेल. बाकी सगळं वन्संनी मान हलवून ऐकून घेतलं, पण शेवटच्या वाक्याला त्या खुर्चीतून उठल्या. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून त्या रडल्या. रडण्याला आवाज नव्हता. मला ते बघवेना, म्हणून मी उगाच डबे पुसत बसले.

मग मौनाचे दिवस आले. ते वन्संना जेवढे जड गेले त्याहून जास्त आम्हाला गेले. पाटीवर लिहून त्या हुकूम सोडत. लिहायला वेळ लागला की लाटणं आपटत. त्यांचे यजमान एकलहऱ्याला वीजकेंद्रात पाळीच्या नोकरीला. ते मला म्हणाले, “वहिनी, घरात लाईट गेल्यासारखं झालंय हो.” पण वन्संचा स्वभाव असा की एकदा पटलं म्हणजे पटलं. शाळेत परत रुजू झाल्या त्याच दिवसापासून टेबलावर भरलेला तांब्या ठेवून त्यांनी प्यायला सुरुवात केली. आता प्यायलेलं जाणार कुठं? सोय असलेलं जवळात जवळचं घर ओढ्यापलीकडं एका बागाइतदाराचं. रोज दोनदा-तीनदा वन्सं पदर खोचून भर गावातून तिकडं निघायच्या. पारावरची मंडळी बघायची. हेडमास्तर म्हणाले, “बाई, तुमचा निम्मा तास रस्त्यातच जातो.” वन्सं म्हणाल्या, “मग जागा जवळ आणा.” हेडमास्तर सज्जन माणूस, पण तो शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेना. म्हणाले, “ग्रामसभेत तुम्हीच मांडा.”

वन्संनी मला बरोबर नेलं. आवाज अडलाच तर पुढचं मी बोलायचं असं ठरलं होतं. बसमध्ये मी सारखी देवीचं नाव घेत होते, की बाई, यांचा आवाज टिकू दे, माझ्यावर पाळी आणू नकोस. शाळेच्या वऱ्हांड्यात सगळे पुरुष बसले होते, दोन-चार बायका दाराशी उभ्या होत्या. सरपंच म्हणाले, “बोला बाई, काय अडचण हाय?” वन्संनी सरळ सांगितलं, बायकांना आणि मुलींना संडास-मुतारी हवी. मग कोपऱ्यातले एक म्हातारे बागवाले म्हणाले, “आमच्या बायाबापड्यांनी कधी मागितली नाय. तुमालाच लय लागती का काय?” लोक हसले.

वन्सं मुळीच चिडल्या नाहीत. “दादा, बागेला पाणी कधी देता? घड सुकल्यावर?”

“छ्या! सुकल्यावर देऊन काय उपेग? आधीच द्यावं लागतं.”

“आणि पाणी दिलं पण जमिनीला निचरा नसला तर?”

“मुळ्या कुजत्यात. बाग जाती.”

“माझ्या घशाचंही तसंच आहे. पाणी आधीच द्यावं लागतं आणि तुमच्या शाळेत निचऱ्याला जागा नाही. माझी बाग चाललीय, दादा.”

‘चाललीय’ला आवाज फाटला आणि गेला. ओठ नुसते हलले. वन्संनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले, खांबाला धरलं, आणि काय बोलायचं ते सगळं विसरले. तेवढ्यात दाराशी उभी असलेली एक बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून बोलली, “माझी पोर सहावीतनं घरी बसली ती याच्यापायीच. दिसभर आवळून बसायची, पानी प्यायची नाय. जळजळ व्हायला लागली तवा डाक्तरकडं नेली. कोनाला सांगायचं, म्हनून सांगितलं नाय.” कुणी मान वर करेना. ती त्या म्हाताऱ्या बागवाल्यांचीच सून होती. म्हाताऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्याकडं पाहिलं आणि ते म्हणाले, “विटा उद्या माझ्या टॅक्टरमधी येत्यात.”

दिवाळीच्या आत दोन खोल्या उभ्या राहिल्या. सरपंचांनी उद्घाटनाला नारळ आणला. नारळ फुटला, पण पुढं काय करायचं ते कुणाला सुचेना. सगळ्या गावासमोर आत पहिलं जाणार कोण? वन्सं गेल्या. आतून कडी लावल्याचं बाहेर सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते ठरेना. हेडमास्तरांनी एक वाजवली आणि लाजून थांबले. पुढच्या जूनला ती सहावीतली पोर परत शाळेत आली.

गाठी हळूहळू विरल्या, ऑपरेशन टळलं. शिकवायचा आवाज परत आला, चांगला खणखणीत आला. गाण्याचा मात्र आला नाही. वरच्या सुराला गेलं की तो आजही फुटतो. वन्संनी पुन्हा कुणाच्या मंगळागौरीला गाणं म्हटलं नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. मधल्या बदल्यांचे फेरे संपवून दोन हजार सालानंतर त्या त्याच शाळेतून निवृत्त झाल्या. निरोपाला मी गेले होते. भाषणं झाली, पेढे झाले, तशी नुकतीच लागलेली एक तरुण बाई पाण्याची बाटली हातात घेऊन आमच्याशी गप्पा मारायला आली. बोलता बोलता तिनं सहज विचारलं, “बाई, ती सोय व्हायच्या आधी तुम्ही कुठं जायच्या हो?”

वन्सं म्हणाल्या, “आम्ही पाणीच प्यायचो नाही.”

पोरगी खळखळून हसली. तिला वाटलं बाई गंमत करतायत. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी तिला सगळं सांगणार, तेवढ्यात वन्संनी माझा हात दाबला. ती लांब गेल्यावर त्या म्हणाल्या, “हसू दे गं. तिला खरं वाटलं नाही, यातच मला सगळं मिळालं.”