खिळे ठोकलेल्या खिडक्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही, आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. तुम्हाला सांगतेय — पण मधेच "जाऊ द्या हो बाई" म्हणू नका. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

परवा शिक्षकांच्या बैठकीत माझं भाषण झालं. विषय हवेशीर वर्ग. कोंदट हवेत पोरं पेंगतात, लक्ष लागत नाही, येणारी गणितं चुकतात आणि आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो — असं सगळं तावातावाने बोलले. टाळ्या पडल्या. गुलाबाचं फूल मिळालं. एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, मॅडम, तुम्हाला हे इतकं बारीक कसं कळलं? मी म्हणाले, अनुभव.

काय तोंड आहे माझं. अनुभव म्हणे.

वीसेक वर्षं झाली. सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत, पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. साठ पोरं, वर पत्रे, पुढे एक दार आणि मागच्या भिंतीला दोन खिडक्या. खिडक्यांपलीकडे चादरीचा कारखाना. दिवसभर मागांची खडखड. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. दुसरा उपाय नव्हता का? होता की. मुख्याध्यापकांशी भांडता आलं असतं, वर्ग बदलून मागता आला असता. मी शिपायाला बोलावलं आणि दोन्ही खिडक्या खिळे ठोकून बंद करून घेतल्या. ते बरं दिसेना म्हणून वर तक्ते लावले. एका तक्त्यावर झाडं काढली होती आणि खाली लिहिलं होतं — शुद्ध हवा, निरोगी शरीर. अक्षर माझंच.

आणि माझी खुर्ची कुठे होती? दारात. उंबऱ्याला लागून.

तेव्हा मी पोरांना नंबराने बसवायचे. पहिला नंबर पहिल्या बाकावर, दाराशी. मग दुसरा, तिसरा. शेवटचे पार मागे, त्या ठोकलेल्या भिंतीला. मधल्या सुट्टीनंतर मागची पोरं माना टाकायची. तिकडे गेलं की घामाचा, खोबरेल तेलाचा, डब्यांचा वास नाकात बसायचा आणि माझंच कपाळ ठणकायचं. म्हणून मी मागे जायचंच सोडलं. म्हणजे कळत होतं मला. कळत नव्हतं असं कुणी म्हणू नका. नंबर गेला म्हणून पोर मागे, आणि मागे बसलं म्हणून नंबर आणखी खाली — हे कळायला काय अक्कल लागते? पण पुढच्या बाकांचे निकाल छान लागत होते. साहेब खूश, मी खूश.

नागमणी शेवटच्या बाकावर असायची. आई विड्या वळणारी, घरात तेलुगू. पहिल्या चाचणीला तिला ताप होता, पेपर अर्धा राहिला, नंबर खाली गेला तो खालीच राहिला. दुपारी तिचे डोळे मिटायचे. मी दारातूनच खडू फेकून मारायचे, नेम चांगला होता माझा. तिला नावही मीच ठेवलं — झोपमणी. वर्ग खदखदून हसायचा. एका बाईनं, शिकवणाऱ्या बाईनं, दहा वर्षांच्या पोरीला असं नाव ठेवायचं. संताप येतो ना? मला रोज येतो, आणि काय उपयोग त्याचा?

एकदा परिसर अभ्यासातला हवेचा धडा चालू होता. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, बंद खोलीत तो साचतो, असं मी सांगत होते. नागमणीनं हात वर केला. वर्षभरातला पहिलाच.

"बाई, मग आपल्या वर्गातला कुठनं जातो की?"

साठच्या साठ पोरं मागे वळून खिडक्यांकडे बघायला लागली. म्हणजे माझ्या तक्त्यांकडे. मला उत्तर येत होतं हो. आधी लाज वाटली, मग लाजेचा राग झाला. मी म्हणाले, "झोपमणी, आधी जागं राहायला शिक, मग मला शिकव." आणि तास संपेपर्यंत तिला उभं केलं — त्याच भिंतीला.

वार्षिक परीक्षेत ती नापास झाली. तिची आई भेटायला आली. हातांना तंबाखूचा वास. "बाई, घरी तर लई चुरूचुरू बोलती. धडे वाचून दावती. हितंच काय होतंय तिला?" हितंच. न शिकलेल्या बाईनं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. मला फक्त मागच्या भिंतीकडे बघायचं होतं. मी म्हणाले, "तिला डोकंच नाही हो. उगाच वर्षं घालवू नका." बाईंचा शब्द. तिनं मान डोलावली.

जूनमध्ये नागमणी शाळेत आली नाही. आईशेजारी विड्या वळायला बसली.

त्याच जूनमध्ये मी खिळे काढून घेतले. कारण कुणाला सांगितलं नाही. नंबराने बसवणंही बंद केलं. दुपारी मागची पोरं जागी राहायला लागली, हात वर करायला लागली, आणि माझं नाव झालं. त्या पोरीच्या प्रश्नावर झालं, तिला घरी बसवून झालं.

मी अजून त्याच शाळेत आहे. यंदा ती तिथे आली. मुलीला पहिलीत घालायला. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. माझ्या पाया पडली. मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या बाई. मी लई ढ व्हते बघ. नुसती झोपायची. व्हय की नाही बाई?" आणि हसली.

खिडक्या सताड उघड्या होत्या. मागांची खडखड आत येत होती. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तू ढ नव्हतीस — तीन शब्द. वीस वर्षं मी ते घोकत होते.

मी पण हसले. म्हणाले, "हो, झोपायचीस खरी."

पोरीनं आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिला ते खरं वाटलं.