अण्णाचा पासवर्ड

अण्णा संगणक सुरू करायचा तेव्हा खोलीत जो असेल त्याला भिंतीकडे तोंड करावं लागे. माझी बायको चहा घेऊन गेली तर तिलासुद्धा. "फिर," एवढंच म्हणायचा. मग एका बोटाची टकटक, आणि "हां, वळ आता."

अण्णा माझा सख्खा थोरला भाऊ. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. लग्न केलं नाही. रत्नागिरीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या त्याच्या, मागच्या आमच्या. मला तो कधी आवडला नाही, त्यालाही मी नाही. पोह्यांच्या डब्याला कुलूप लावणारा माणूस! "चोर कुलूप तोडतोच रे. कुलूप घरच्यांसाठी असतं," असं म्हणायचा, माझ्याकडे बघून. निवृत्तीनंतर दिवसभर तक्रारी टाइप करत बसे: गटाराची, शेजाऱ्याच्या फणसाची, आमच्या कुकरच्या शिट्ट्यांची. बायको म्हणायची, "फुरसं परवडलं. ते निदान पाय पडल्यावर चावतं."

त्याचं म्हणावं असं माणूस एकच, राजिवड्याचे हसनभाई. जन्मभर बोटीवर काढून घरी बसलेले. रोज चारला यायचे. अण्णा त्यांना तक्रारी वाचून दाखवायचा आणि ते "हे जरा जास्त झालं" म्हणत हसायचे. त्यांना तो कधी "फिर" म्हणाला नाही. ते आपणहून डोळे मिटून घ्यायचे.

मग अण्णाला अर्धांगाचा हलका झटका आला. तो चालता झाला, पण उजवा हात थरथरायचा. पासवर्ड चुके, संगणक आत घेईना, आणि शिव्या मागच्या खोल्यांपर्यंत येत. शेवटी मला हाक मारलीन. "तू शिकलायस ना त्यातलं? मग सांग ह्या मेल्याला, मी मीच आहे म्हणून."

पासवर्ड न विचारता थेट उघडेल अशी सोय करता येते, मी म्हटलं. दोन दिवस विचार करून म्हणाला, "कर. पण पासवर्ड मी टाकणार. तू फिर."

मी पडद्यावर त्या सोयीची खिडकी उघडली, 'पासवर्ड विचारा' पुढची खूण काढली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याने डाव्या हाताने पासवर्ड दोनदा टाकला. संगणक बंद करून चालू केला, तर काही न विचारता उघडला.

"बघितलंस? ओळखलंन मला," अण्णा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला माझ्यासमोर खूश झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मग एकदम सावध झाला. "दुसऱ्या कुणी चालू केलान तर नाही ना उघडायचा?"

"नाही," मी म्हणालो.

तो पासवर्ड मला आजही माहीत नाही. मला लागलाच नाही.

वडिलांच्या मृत्यूपत्रावरून आंब्याच्या कलमांच्या बागेचा खालचा तुकडा माझ्या नावावर चढायचा होता. अण्णाने हरकत घेतली होती, मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली होती. तो व्यायामासाठी दवाखान्यात गेला की मी त्याच्या खुर्चीत बसत असे. संगणकात त्याने टाइप करून ठेवलेलं म्हणणं मी मुद्द्यामुद्द्याने वाचलं आणि प्रत्येकाला उत्तराचा कागद तयार केला. सुनावणीत त्याने तोंड उघडायचा अवकाश, माझा कागद टेबलावर. नोंद माझ्या बाजूने झाली. बाहेर व्हरांड्यात तो काठी टेकून उभा राहिला आणि स्वतःशीच म्हणाला, "हे मी एकट्या हसनला वाचून दाखवलेलं."

त्याच दिवशी चारला हसनभाई आले. मी मागच्या दाराशी होतो, सगळं ऐकू येत होतं.

"पायरी चढू नको," अण्णा म्हणाला.

"काय झालं, अण्णा?"

"किती आंबे कबूल केलेन त्याने तुला?"

हसनभाई आधी हसले, थट्टा वाटली असावी. मग म्हणाले, "चाळीस वर्षं येतोय तुझ्याकडे. मी तुझं घर फोडीन?"

"चालता हो."

पुढचं दार माझ्यापासून चार पावलांवर. तेवढ्यात मला पुढे जाऊन सांगता आलं असतं. मी दाराची कडी धरून उभा राहिलो. तुकडा हातचा जाईल ही भीती होती. शिवाय, खोटं कशाला बोलू, अण्णा हरलेला बघून बरं वाटत होतं.

त्यानंतर तक्रारी थांबल्या. चार वाजले की तो गॅलरीत येई, रस्ता बघे आणि आत जाई. एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, हसनभाईंनी तसं…"

"त्या शिंच्याचं नाव काढू नको!"

मी गप्प बसलो, आणि मला हायसं वाटलं. आठ महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यात अण्णा गेला.

तेरावं झाल्यावर राजिवड्याला गेलो. हसनभाई ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: ती सोय, ते "नाही", ते कागद. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी केलं नाही हे मला ठाऊकच होतं रे," ते म्हणाले. "मला कशाला सांगायला आलास? ज्याला ठाऊक नव्हतं तो गेला."

मग उठून आत गेले.